बाल्टिमोरचा फॉर्मस्टोन: कुठून आला, आणि काढावा की ठेवावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या हायलँडटाउन भागात तुम्ही दोघे एक जुने दोन मजली रो-हाऊस घ्यायच्या बेतात आहात. दर्शनी भिंतीवर राखाडी-गुलाबी दगड दिसतो, पण बोटाने ठोकले की काही ठिकाणी तो पोकळ वाजतो. घर दाखवणाऱ्याने सांगितले, "हा फॉर्मस्टोन आहे, काढून टाका, आत सुंदर लाल वीट निघेल." हा फॉर्मस्टोन म्हणजे नक्की काय, तो कोणत्या कंपनीचा, आणि काढावा का, हे तुम्ही विचारले आहे.

जुन्या इमारतींच्या भिंती दुरुस्त करणे हेच माझे काम आहे आणि या शहरात ते करून मला 24 वर्षे झाली. घाईने काढू नका, हे माझे उत्तर आधीच देऊन ठेवते. आत सुंदर वीट निघेल असे कोणीही, भिंत उघडून न बघता, छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती वीट सुंदर असती तर तिच्यावर हा दगड चढलाच कशाला असता, हा प्रश्न आधी विचारायला हवा. त्याचे उत्तर या मालाच्या इतिहासात आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

फॉर्मस्टोन हे एका कंपनीच्या मालाचे नाव आहे. कंपनी बाल्टिमोरचीच, लास्टिंग प्रॉडक्ट्स कंपनी. अल्बर्ट नाईट या गृहस्थांनी 1937 मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. कल्पना मात्र अगदी नवी नव्हती. आठ वर्षे आधी, 1929 मध्ये, ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये पर्मा-स्टोन नावाने असाच माल बाजारात आला होता. त्यात भिंतीवरचा ओला सिमेंटचा थर साच्यांनी दाबून दगडाचा आकार देत. पुढे फिल्डस्टोन, डिक्सी स्टोन अशी आणखी नावे आली. पण बाल्टिमोरमध्ये फॉर्मस्टोनने असा काही जम बसवला की आज इथे कोणत्याही कंपनीचा नकली दगड असला तरी लोक त्याला फॉर्मस्टोनच म्हणतात, आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसे. म्हणून तुमच्या घरावरचा माल खरोखर त्याच कंपनीचा आहे का, हे नुसत्या नावावरून कळणार नाही. काही घरांवर दाराशेजारी, साधारण डोळ्यांच्या उंचीला, लावणाऱ्या कंपनीची छोटी धातूची पट्टी अजून सापडते. ती दिसली तर उपटू नका, तो घराच्या इतिहासाचा कागद आहे.

आता बाल्टिमोरच का? कारण हे शहर विटेचे आहे, आणि त्यातली बरीच वीट मऊ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला बंदरावर, कारखान्यांत, डबाबंद अन्नाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पोलिश, चेक, इटालियन, जर्मन कुटुंबांसाठी बिल्डरांनी घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. बारा-चौदा फूट रुंदी, दोन मजले, दोन घरांत एक सामाईक भिंत. भट्टीत आगीजवळची वीट पक्की भाजते, लांबची कच्ची राहते. तिचा रंग फिकट नारिंगी दिसतो म्हणून इथले गवंडी तिला सामन माशाच्या रंगाची वीट म्हणतात. ही वीट भिंतीच्या आतल्या थरात वापरायची असते. स्वस्तातल्या रांगांमध्ये बाहेरच्या थरालाही तशीच मऊ वीट लागली. ती पाणी पिते. हिवाळ्यात ते पाणी गोठते, फुगते आणि विटेचा चेहरा सोलून निघतो.

यावर जुना उपाय होता रंग. लोक भिंत लाल रंगवत आणि वर बारीक ब्रशने पांढऱ्या दर्जा (दोन विटांमधले सांधे) रेखत, म्हणजे विटेवर विटेचेच चित्र. पण शहरात कोळशाचा धूर होता, पलीकडे स्पॅरोज पॉइंटला बेथलेहेम स्टीलचा प्रचंड कारखाना धगधगत होता. काही वर्षांत रंग काळवंडे, पोपडे निघत, पुन्हा शिडी, पुन्हा रंगारी, पुन्हा खर्च. गिरणीतल्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला हा खर्च न चुकता येणारा होता.

अशा माणसाच्या दारात फॉर्मस्टोनचा विक्रेता आला. त्याचे म्हणणे साधे होते: एकदा हे लावा, पुन्हा कधी रंग द्यावा लागणार नाही, थंडी कमी आत येईल, आणि घर दगडी दिसेल. यातली पहिली गोष्ट बऱ्याच अंशी खरी ठरली, हे मला आवर्जून सांगायचे आहे. सत्तर वर्षांपूर्वी चढवलेला आणि आजही घट्ट धरून बसलेला फॉर्मस्टोन मी शेकडो घरांवर पाहिला आहे. पैशाची सोयही होती. 1934 च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याने घरदुरुस्तीच्या कर्जांना सरकारी विम्याचे पाठबळ मिळाले, त्यामुळे बँका अशा कामाला हप्त्यांवर पैसे द्यायला तयार झाल्या. दुसरे महायुद्ध संपले, हातात पैसा आला, आणि 1950 च्या दशकात पूर्व बाल्टिमोरच्या गल्ल्याच्या गल्ल्या दगडी झाल्या. एका घराने लावले की शेजारचा लावणारच. लावला नाही तर त्याच्या रंगवलेल्या विटा एकदम गरीब दिसायला लागत.

अजूनही एखाद्या रांगेसमोर उभे राहिलात तर दोन घरांमधली ती सरळ उभी रेघ दिसेल. डाव्या घराचा दगड राखाडी, उजव्याचा पिवळसर, मधे एका सरळ रेषेत दोन्ही थांबलेले. मालकी कुठे संपते ते भिंतच सांगते. आणि खाली पायऱ्या मात्र खऱ्या पांढऱ्या संगमरवराच्या, शहराच्या उत्तरेला कॉकीसव्हिल इथल्या खाणीतल्या. त्या पायऱ्या दर शनिवारी गुडघ्यावर बसून घासून शुभ्र ठेवणे हा इथल्या बायकांच्या अभिमानाचा विषय होता. खिडक्यांच्या जाळ्यांवर रंगवलेली निसर्गचित्रे ही इथली आणखी एक खासियत. 1913 मध्ये विल्यम ऑक्टाव्हेक या चेक किराणा दुकानदाराने ती सुरू केली. खरा संगमरवर, रंगवलेली जाळी आणि सिमेंटचा दगड हे तिन्ही एकाच दारात नांदले, आणि ज्यांनी ते लावले त्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही. त्यांना आपले घर नेटके दिसायला हवे होते. मी त्या लोकांना हसणाऱ्यांपैकी नाही.

आता हा दगड भिंतीवर कसा चढवत ते नीट बघू, कारण काढायचा की नाही याचा निर्णय त्यावर ठरतो. मी थर-थर सुटे करून पाहिले आहेत. आधी विटेवर भोकांची लोखंडी जाळी खिळ्यांनी ठोकत. खिळे दर्जांमध्ये मारायचे असा नेम असला तरी घाईच्या कामात ते सर्रास विटेत मारलेले सापडतात. जाळीवर सिमेंट-वाळूचा पहिला थर, 3 ते 6 सूत जाडीचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तो पुरता वाळायच्या आत त्यावर ओरखडे काढायचे म्हणजे पुढचा थर धरतो. मग दुसरा थर 2 ते 3 सूत. तो ओला असतानाच शेवटचा, 1 ते 2 सुतांचा, रंग मिसळलेला. इथून पुढे गवंड्याची खरी कला. त्या ओल्या थरावर मेणकागद लावून वरून सुरकुत्यांचा ॲल्युमिनियमचा रूळ फिरवायचा. कागद काढला की पृष्ठभाग तासलेल्या दगडासारखा खडबडीत दिसतो. मग हाताने रेघा ओढून दगड पाडायचे, कुठे लांबट, कुठे चौकोनी, आणि दर्जा उठवायच्या. काही ठिकाणी वर अभ्रकाची चूर मारत, ती उन्हात चमकते.

माझे बालपण वाईला गेले. कृष्णेच्या घाटाचा घडीव काळा दगड रोज पायाखाली होता. त्यामुळे इथे आल्यावर पहिली काही वर्षे फॉर्मस्टोन मला निव्वळ फसवणूक वाटायचा. मत बदलले ते काम करताना. एका घराच्या खिडकीच्या कोपऱ्यावर मी पाहिले की गवंड्याने 'दगड' कोपऱ्यातून वळवला होता, म्हणजे समोर दिसणारा दगड बाजूला तेवढ्याच उंचीचा पुढे चालू होता, आणि वरच्या कमानीत मधला चावीचा दगड रंगाने एक छटा गडद केला होता. खरा दगड रचणाऱ्यालाच सुचेल अशी ही गोष्ट आहे. हे सगळे ओल्या सिमेंटमध्ये, थर आवळायच्या आत, शिडीवर उभे राहून केलेले. साच्यातून काढलेला माल नाही हा. म्हणून दोन घरांचा फॉर्मस्टोन कधी सारखा नसतो.

कंपनीचा धंदा असा मोठा झाला तो परवाना देऊन. ठिकठिकाणच्या ठेकेदारांना पद्धत आणि नाव वापरायला द्यायचे, काम त्यांनी करायचे. यामुळे माल बाल्टिमोरबाहेरही पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांत गेला. त्यामुळेच कामाच्या गुणवत्तेत इतका फरक आहे, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. मग ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या, पाठोपाठ व्हिनाइलच्या. त्या स्वस्त, हलक्या आणि एका दिवसात लागणाऱ्या. हाताने दगड पाडणारा गवंडी त्यांच्यापुढे टिकणे शक्य नव्हते.

नंतर चवही बदलली. 1973 पासून शहराने ओस पडलेली घरे एका डॉलरला द्यायला सुरुवात केली, अट एवढीच की घेणाऱ्याने ते दुरुस्त करून तिथे राहावे. शहरातला फेल्स पॉइंट हा जुना भाग 1969 मध्येच ऐतिहासिक भाग म्हणून राष्ट्रीय नोंदीत गेला होता. नव्याने आलेल्या शिकलेल्या वर्गाला उघडी वीट हवी होती. याच शहराचे दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांनी फॉर्मस्टोनला विटेचे पॉलिएस्टर म्हटले आणि ते नाव चिकटले. तेव्हापासून घर विकायचे तर आधी फॉर्मस्टोन उतरवायचा अशी पद्धतच पडली.

उतरवण्यात काय होते, याचे एक उदाहरण देते. शहरातल्याच कँटन भागातल्या एका घरी मला मालकांनी काम झाल्यावर बोलावले. ठेकेदाराने एका दिवसात यंत्राचा हातोडा लावून सगळा दर्शनी भाग खाली पाडला होता. प्रत्येक खिळ्याबरोबर विटेचा एक लचका निघाला होता. पुढच्या भिंतीत हाताच्या पंज्याएवढ्या चौकात मी अकरा भोके मोजली. वरून त्याने उरलेला रंग काढायला वाळूचा फवारा मारला होता, आणि भाजलेल्या विटेची वरची कडक साल त्यात गेली होती. आत उरला तो मऊ गाभा, बिस्किटासारखा. नखाने खरवडला तर लाल भुगा हातावर येत होता. शेवटी त्याने दर्जा भरल्या त्या कडक सिमेंटने. पुढच्या दोन हिवाळ्यांत दर्जा तशाच राहिल्या आणि त्यांच्या मधल्या विटा झिजून आत गेल्या. त्या कुटुंबाने अखेरीस त्या भिंतीवर पुन्हा गिलावा करून घेतला. सुंदर वीट मिळवण्यासाठी त्यांनी दुप्पट पैसे मोजले होते.

त्याच गल्लीत, चार घरे सोडून, एका घराचा फॉर्मस्टोन आम्ही उतरवला आणि आत पक्की, दाबीव वीट निघाली, जवळजवळ शाबूत. तिथे जाळी फक्त दर्जांमध्ये ठोकलेली होती. म्हणजे दोन्ही शक्य आहे. म्हणून आधी तपास.

तपास असा करायचा. लाकडी हातोडीने सगळी भिंत हलकेच वाजवा, पोकळ जागांभोवती खडूने रेघ मारा. सगळी पोकळी मिळून भिंतीचा लहानसा भाग असेल आणि फुगवटा दिसत नसेल तर ती घाबरण्याची गोष्ट नाही. जाळी गंजली की थर सुटतो, आणि जाळी गंजते पाण्याने. पाणी बहुतेक वेळा वरून येते: छज्जाच्या लाकडी पट्टीमागून, फुटक्या पन्हळीतून, खिडकीच्या माथ्यावरच्या फटीतून. ते सिमेंटच्या थरामागे उतरले की बाहेर वाळायला वाट नसते. चुन्यात बांधलेली जुनी वीट श्वास घेते, वरचा सिमेंटचा थर तिला तो घेऊ देत नाही. मग ओल घरात येते. आतल्या भिंतीवर पुढच्या बाजूला रंगाचे फुगे, लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार), कुबट वास आहे का, ते घर पाहायला जाल तेव्हा बघा. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या असतील तर त्या कुठून कुठे जातात त्याचा फोटो काढून ठेवा.

नंतर, घर घेतल्यावर, एक छोटा तुकडा उघडून बघायचा. पायरीच्या बाजूला, सहज नजरेत न येणाऱ्या जागी, एक फूट बाय एक फूट. छिन्नीने, जाळी कातरीने कापून, खिळा ओढायचा नाही, कापायचा. विटेचा चेहरा आणि दर्जेचा चुना बघा. सुरीच्या टोकाने वीट खरवडून भुगा पडत असेल तर फॉर्मस्टोन राहू द्या. वीट टणक असेल, खिळे दर्जांत असतील, आणि तुम्हाला मनापासून वीट हवी असेल, तर काढण्याचा विचार करा.

एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नाही आणि तुमच्या घरात लहान मूल येणार असेल तर ती सगळ्यात महत्त्वाची आहे. फॉर्मस्टोनच्या आत तो जुना लाल रंग जसाच्या तसा बसलेला असतो, आणि त्या काळच्या रंगात शिसे असे. बाल्टिमोरने घराच्या आतल्या रंगात शिशाला 1951 मध्येच बंदी केली, सगळ्या देशात घरगुती रंगातून ते 1978 मध्ये गेले. तुमची भिंत त्याआधीची आहे. फॉर्मस्टोन फोडताना उडणारी धूळ खिडकीतून, बुटांवरून घरात येते, आणि शिशाचा मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो. म्हणून रंग आधी तपासून घ्या आणि शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र असलेलाच ठेकेदार बोलवा. 2010 पासून तो कायदाच आहे. प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका.

दुसरे कागदपत्रांचे. घर ऐतिहासिक विभागात येते का ते शहराच्या वारसा आयोगाकडे विचारा. येत असेल तर दुरुस्तीने वाढलेल्या मूल्यावरच्या मालमत्ता करात 10 वर्षे सवलत मिळू शकते, पण काम सुरू करण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. काम उरकून अर्ज केला तर उपयोग नाही. शिवाय पन्नास वर्षांहून जुना फॉर्मस्टोन आता स्वतःच इतिहासाचा भाग मानला जाऊ लागला आहे, त्यामुळे तो ठेवल्याबद्दल तुम्हाला कोणी नावे ठेवणार नाही.

कोणी तुम्हाला असेही सुचवेल की हा काढा आणि नव्या पद्धतीचा कृत्रिम दगड लावा. तो वेगळा माल आहे. तो भिंतीवर घडवत नाहीत, कारखान्यात ओततात. त्या धंद्यातले मोठे नाव कल्चर्ड स्टोन, कॅलिफोर्नियातल्या नापा इथे 1962 मध्ये सुरू झालेले. खऱ्या दगडावरून लवचिक साचे काढायचे, त्यात हलक्या खडीचे सिमेंट ओतायचे आणि लोहाच्या रंगद्रव्यांनी रंगवायचे. असा दगड लावण्याचे नियम तेव्हापासून चांगले पक्के झाले, आणि मला त्याचे समाधान आहे. चिकटवलेला दगड चौरस फुटाला 15 पौंडांहून जड नसावा, लाकडी भिंतीवर पाणी अडवणारे दोन थर असावेत, खाली पाणी बाहेर पडायला पट्टी असावी, मातीपासून 4 इंच आणि फरसबंदीपासून 2 इंच अंतर असावे. हे चार नियम पाळलेले नसल्याने कुजलेल्या भिंती मी उपनगरांतल्या नव्या घरांत पाहिल्या आहेत, दहा वर्षेही झाली नव्हती त्यांना. पुण्याला, साताऱ्याला बंगल्याच्या दर्शनी भिंतीला असा दगड चिकटवणारे नातेवाईक मला विचारतात तेव्हाही मी आधी हेच विचारते, मागे शिरलेले पाणी कुठून बाहेर जाणार? तुमच्या रो-हाऊसवर मात्र नवा दगड चढवू नका. मऊ विटेवर पुन्हा एक सिमेंटचे पांघरूण घालण्यात शहाणपण नाही.

फॉर्मस्टोन ठेवायचा ठरला तर त्याची निगा फार नाही. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, दाबाच्या फवाऱ्याने नको. सिलिकॉनचा किंवा चकचकीत रंगाचा लेप देऊ नका, आत अडकलेली ओल आणखी अडकेल. सुटलेला भाग चौकोनी कापून, नवी गंज न लागणारी जाळी टाकून, जुन्या रंगाशी जुळवून भरता येतो. असे काम येणारे गवंडी आता मोजके आहेत, पण आहेत. वीट उघडी करायची ठरली तर खिळ्यांची भोके आणि दर्जा चुन्यानेच भरून घ्या, आणि ठेकेदाराला कोऱ्या सिमेंटची गोणी शिडीजवळही आणू देऊ नका.

आणि सगळ्याच्या आधी पन्हळ. घर ताब्यात आले की पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभे राहा. छज्जाखालून पाणी कुठे ओघळते, दगडाचा कोणता भाग आधी गडद होतो आणि पाऊस थांबल्यावर कोणता शेवटी वाळतो, ते बघून घ्या. तो शेवटी वाळणारा भाग खडूने आखून ठेवा. मी आले तर भिंत तिथूनच वाजवायला सुरुवात करीन.